रक्ताचा थेंब काय सांगतो आणि काय सांगत नाही

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)

— सहशिक्षक, बी. ए., बी. एड.





आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी बराच विचार केला. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. माझ्याकडून आपण एखाद्या बादशहाच्या कारकिर्दीवर किंवा मातृभाषेच्या महत्त्वावर भाषणाची अपेक्षा केली असेल. परंतु मी आज विज्ञानाचा विषय घेणार आहे. आमचे विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. कुठे चुकलो तर त्यांनी खुशाल माझा कान धरावा. हा विषय मी का घेतला याचे कारण घरगुती आहे आणि ते भाषणाच्या ओघात आपल्याला कळेलच.

विषय असा. आपल्या बोटातून रक्ताचा एक थेंब किंवा तोंडातली थोडी लाळ आपण आपल्याच हाताने, घरच्या घरी घ्यायची आणि तिच्यावरून शरीरात अमुक एका रोगाविरुद्धची प्रतिपिंडे, ज्यांना इंग्रजीत अँटिबॉडीज म्हणतात, ती आहेत की नाहीत हे तपासायचे. डॉक्टर नाही, नर्स नाही, दवाखान्याची रांग नाही. नमुना घेणारेही आपण आणि देणारेही आपण. ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. ती किती उपयोगी आहे आणि तिच्यावर किती विसंबावे, या दोनच प्रश्नांभोवती मी बोलणार आहे.

प्रथम प्रतिपिंडे म्हणजे काय ते पाहू. ज्याला एकदा गोवर किंवा देवी येऊन गेल्या त्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे नीट लक्षणे देऊन लिहून ठेवणारा हकीम अबू बक्र अल-राझी हजार वर्षांपूर्वी होऊन गेला, हे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला सांगितलेच पाहिजे. परंतु एकदा आलेला रोग पुन्हा का येत नाही, याचा उलगडा व्हायला १८९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले की, घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषाला तोंड दिलेल्या जनावराच्या रक्तद्रवात असे काही तयार होते की जे त्या विषाला निकामी करते. तीच प्रतिपिंडे. रोगजंतू शरीरात आला की आठवडाभरात पहिली, घाईघाईने बनवलेली प्रतिपिंडे दिसू लागतात. त्यांना आयजीएम म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत दुसरी, अधिक टिकाऊ अशी आयजीजी प्रतिपिंडे पुरेशी तयार होतात आणि ती महिनोन् महिने, काही रोगांत तर जन्मभर रक्तात राहतात.

विद्यार्थ्यांना समजावे म्हणून मी याला शाळेच्या हजेरीपत्रकाची उपमा देतो. कोणता पाहुणा शरीरात येऊन गेला त्याची नोंद प्रतिपिंडांच्या रूपाने राहते. हजेरीपत्रक पाहून मुलगा वर्गात आला होता हे कळते. पण हजेरी लागली म्हणजे मुलगा पास होईलच असे कोणी म्हणेल का? ही उपमा कृपया लक्षात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे.

आता ही नोंद वाचायची कशी? १९७१ साली स्वीडनमध्ये एंगवाल आणि पर्लमन या दोघांनी एलायझा नावाची पद्धत प्रसिद्ध केली. प्लॅस्टिकच्या एका ताटलीत लहान लहान ९६ खळगे असतात. त्यांच्या तळाशी रोगजंतूचा एखादा अंश चिकटवून ठेवतात. त्यावर आपल्या रक्ताचा विरळ केलेला अंश टाकला की त्या जंतूला ओळखणारी प्रतिपिंडे तिथे जाऊन चिकटतात, बाकीचे सारे धुऊन जाते. मग रंग आणणारे एक द्रव्य टाकतात. रंग आला तर प्रतिपिंडे आहेत, नाही आला तर सापडली नाहीत. या कामाला रक्त फार थोडे लागते आणि म्हणूनच दंडाच्या शिरेतून सिरिंज भरून रक्त काढण्याऐवजी बोटाचा एक थेंबही पुरतो.

थेंब पाठवण्याची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. अमेरिकेतील बफेलो शहरात रॉबर्ट गथ्री नावाच्या गृहस्थांनी १९६३ साली प्रसिद्ध केले की, नवजात बाळाच्या टाचेतून काढलेला रक्ताचा थेंब जाड टीपकागदावर वाळवला तरी त्याच्यावरून एका जन्मजात आजाराची तपासणी करता येते. तो आजार वेळीच कळला आणि आहार बदलला तर बाळाची बुद्धी वाचते. गथ्रींच्या स्वतःच्या घरी मतिमंद मुलगा होता; या कामामागे एका बापाचे दुःख होते. पुढे याच टीपकागदावरच्या वाळलेल्या थेंबातून प्रतिपिंडेही शोधता येऊ लागली. प्रयोगशाळेत त्या वाळलेल्या डागातून तीनेक मिलीमीटरची टिकली पाडतात, ती द्रवात भिजवतात आणि रक्तातली प्रतिपिंडे पुन्हा बाहेर काढतात. ना बाटली, ना बर्फ, ना फुटण्याची भीती. साध्या टपालाने रक्त प्रवास करू लागले.

लाळेची गोष्ट थोडी निराळी आहे. लाळेतही प्रतिपिंडे असतात, परंतु आयजीजीचे प्रमाण रक्ताच्या मानाने शेकडो पटींनी कमी असते. ती सगळ्यात जास्त मिळते दात आणि हिरडी यांच्या फटीत, कारण तिथे रक्तातला द्रव झिरपत असतो. म्हणून नुसते थुंकून पुष्कळदा भागत नाही. स्पंजचा लहान बोळा हिरड्यांवरून मिनीट-दीड मिनीट हळुवार फिरवावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ पासून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या संशयित रुग्णांच्या घरी असा बोळा टपालाने पाठवतात. आईच लेकराच्या हिरड्यांवर तो फिरवते आणि पाकिटात घालून परत पाठवते. लेकरू रडत नाही, सुई लागत नाही. एच.आय.व्ही.च्या बाबतीत अमेरिकेने २०१२ साली हिरड्यांवरून बोळा फिरवून घरीच करण्याच्या चाचणीला परवानगी दिली आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा स्वतः करावयाच्या चाचणीची शिफारस केली. कारण उघड आहे. ज्याला दवाखान्याच्या दारात उभे राहायची लाज वाटते, तो घराच्या चार भिंतींत तपासणी करू शकतो. मात्र तिथे चाचणीत काही निघाले तर दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करावीच लागते.

पालकहो, इथवर मी पुस्तकातले सांगितले. आता घरातले सांगतो.

माझे थोरले मामू खाडीकाठच्या आमच्या गावात राहत. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी जहाजावर नोकरी केली होती आणि निवृत्त होऊन ते गावी स्थिरावले होते. त्यांची थोरली मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेलेली. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, जून २०२० मध्ये, तिला एक पत्र आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने सबंध इंग्लंडमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावे निवडली होती आणि ज्यांनी होकार दिला त्यांना टपालाने एक छोटी पेटी पाठवली होती. पेटीत बोटाला टोचायची सुई, थेंब उचलायची नळी, द्रवाची कुपी आणि चाचणीची पट्टी. थेंब पट्टीवर टाकायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, उमटलेल्या रेघा वाचायच्या आणि फोटो काढून कळवायचे. सोबतच्या कागदावर बजावलेले होते की, या निकालावर जाऊन आपली वागणूक बदलू नका.

त्या पाहणीत सुमारे एक लाख लोकांनी भाग घेतला. त्यांच्या थेंबांवरून अंदाज निघाला की, जुलै २०२० च्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील ६ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे साडेतेहेतीस लाख लोकांना, कोरोना होऊन गेला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गोऱ्या लोकांत हे प्रमाण ५ टक्के होते, आशियाई वंशाच्या लोकांत ११.९ टक्के आणि कृष्णवर्णीयांत १७.३ टक्के. रुग्णालयांत आणि वृद्धांच्या निवासांत काम करणारे, दाटीवाटीच्या घरांत राहणारे, यांच्यावर रोगाचा भार अधिक पडला होता. हे कोणी भाषण करून सिद्ध केले नाही. लोकांनी घरी बसून आपल्याच बोटाला टोचून दिलेल्या थेंबांनी सिद्ध केले.

त्याच सुमारास अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ज्यांना कोरोनाचे निदान झालेले नव्हते अशा सुमारे नऊ हजार प्रौढांच्या रक्ताचे नमुने तपासले. बहुतेकांनी घरीच ठरावीक माप शोषणाऱ्या छोट्या टोकाच्या काडीवर थेंब घेऊन तो पाठवला होता. निष्कर्ष निघाला की, मे ते जुलै २०२० या काळात नोंद झालेल्या प्रत्येक रुग्णामागे नोंद न झालेले जवळजवळ पाच जण होते.

आपल्या मुंबईतही जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या बाजूच्या तीन वॉर्डांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी प्रतिपिंडांची पाहणी केली. तिथे रक्त लोकांनी स्वतः घेतले नव्हते, आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. परंतु प्रश्न तोच होता. ६,९३६ नमुन्यांवरून दिसले की झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे होती आणि इमारतींत राहणाऱ्यांत १६ टक्के. एकाच शहरात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना एवढा फरक! ज्यांच्याकडे सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक संडास, त्यांना घरात बसा म्हणून सांगण्याला किती अर्थ होता हे या आकड्यांनी सांगितले. जो मोजला जात नाही त्याचा विचारही होत नाही, ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात घेतली पाहिजे.

तर मामूंना लेकीने फोनवर ही सारी हकिकत सांगितली. मामूंना ती फार आवडली. परंतु माणूस ऐकतो ते त्याला हवे तेवढेच. "एका थेंबात कळते," एवढे त्यांनी ऐकले. "वागणूक बदलू नका," हे तिने सांगितले होते, ते खाडीच्या वाऱ्यावर गेले. जानेवारी २०२१ मध्ये ते तालुक्याला गेले आणि पैसे भरून प्रतिपिंडांची चाचणी करून आले. कागद इंग्रजीत होता म्हणून तो वाचायला त्यांनी मला बोलावले. घरात शिकलेला भाचा मी! मी वाचले : पॉझिटिव्ह. मी म्हणालो, "मामू, मुबारक हो, तुम्हाला कळलेही नाही आणि होऊन गेला." त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला आणि येईल-जाईल त्याला दाखवू लागले.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील लोकांना लस देणे सुरू झाले. मामी म्हणाल्या, जाऊन घेऊन या. मामू म्हणाले, "मला कशाला? माझ्याकडे कागद आहे." मीही फारसा आग्रह धरला नाही. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. रमजान सुरू होता. मामू आजारी पडले आणि रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात अल्लाला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांच्या खिशातला तो कागद मामींनी मला दिला. तो मी पुन्हा वाचला. तळाशी बारीक अक्षरांत छापले होते की, या निकालावरून रोगापासून संरक्षण आहे असे समजू नये. पहिल्या वेळी मी ती ओळ वाचली नव्हती. त्या प्रयोगशाळेला मी दोष देत नाही. तिने लिहायचे ते लिहिले होते. चाचणी चुकली होती, की ती बरोबर असूनही संरक्षण आटून गेले होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. पण ती ओळ वाचून दाखवणे माझे काम होते आणि ते मी केले नाही. हा विषय मी का घेतला ते आता आपल्याला कळले असेल.

मित्रहो, त्यानंतर मी आमच्या गणिताच्या सरांकडे जाऊन बसलो आणि हे प्रकरण समजून घेतले. त्यांनी फळ्यावर मांडलेले गणित मी तसेच सांगतो. समजा, एका गावात १,००० माणसे आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना रोग होऊन गेला आहे. चाचणी अशी आहे की, रोग झालेल्या शंभरांत ती ९० जणांना ओळखते आणि न झालेल्या शंभरांत ४ जणांना चुकून 'झाला' म्हणते. म्हणजे ५० पैकी ४५ जण बरोबर सापडले. उरलेल्या ९५० पैकी ३८ जणांना उगाचच 'झाला' असा शेरा मिळाला. एकूण पॉझिटिव्ह ८३, त्यात खोटे ३८. जवळजवळ निम्मे! ज्याच्या हातात कागद आहे तो खरा की खोटा, हे तो कागद सांगू शकत नाही.

आता त्याच गावात ५०० जणांना रोग होऊन गेला असेल तर? ४५० बरोबर सापडतील आणि उरलेल्या ५०० पैकी २० जणांच्या बाबतीत चूक होईल. चाचणी तीच, थेंब तसाच, पण आता कागदावर विश्वास ठेवायला पुष्कळ जागा आहे. एकट्याच्या थेंबाचा अर्थ लावायलासुद्धा सबंध गावाची स्थिती ठाऊक असावी लागते.

आणि यातली खरी मौज पुढे आहे. चाचणी किती वेळा चुकते हे आधी ठाऊक असेल तर गणिती लोक त्या ८३ वरून मागे हिशेब करून ५० हा खरा आकडा काढू शकतात. सबंध गावाचा हिशेब दुरुस्त करता येतो. ते ३८ जण नेमके कोण, हे मात्र शोधता येत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या पाहणीने देशाविषयी ठामपणे आकडा सांगितला आणि त्याच वेळी प्रत्येक माणसाला बजावले की, तू यावर जाऊ नकोस. यात विरोधाभास नाही. मामूंनी, आणि मी, जे मोहल्ल्याचे माप होते ते एका माणसाचे प्रमाणपत्र समजलो. आमची चूक ती एवढीच, पण ती फार महाग पडली.

याखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रोग झाल्याबरोबर चाचणी केली तर प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात, म्हणून 'नाही' असे उत्तर येते. आज ताप आला आहे तो कोरोनाचा आहे का, हे पाहण्याची चाचणी वेगळी; ती नाकातून बोळा फिरवून जंतूचाच अंश शोधते. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पुण्याच्या एका कंपनीच्या ज्या घरगुती चाचणीला मान्यता दिली ती या प्रकारची होती, प्रतिपिंडांची नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. तसेच लस घेतल्यावरही प्रतिपिंडे दिसतात. कोविशील्ड लसीने विषाणूच्या काट्यांविरुद्धचीच प्रतिपिंडे तयार होतात, तर कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला सबंध विषाणू असल्याने इतर भागांविरुद्धचीही होतात. म्हणून चाचणी कोणत्या भागाविरुद्धची आहे हे कळल्याशिवाय, मिळालेल्या उत्तराचे श्रेय रोगाला द्यायचे की लशीला, हे ठरवता येत नाही.

आता नमुना घेण्याविषयी. आमच्या गावात अशी पेटी मी अजून पाहिलेली नाही, परंतु आपली मुले-मुली परगावी, परदेशी आहेत आणि उद्या ती आपल्या दारीही येईल. त्या वेळी पेटीतल्या सूचना सर्वांत आधी पूर्ण वाचाव्यात, तळाच्या बारीक ओळीसकट. सर्वसाधारण रीत अशी. हात कोमट पाण्याने धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. हात थोडा वेळ खाली सोडून ठेवावा म्हणजे रक्त उतरते. मधल्या किंवा अनामिका बोटाच्या टोकाला, अगदी मध्यावर नव्हे तर बाजूला, टोचावे. तिथे दुखते कमी. पहिला थेंब पुसून टाकावा. बोट फार पिळू नये, कारण पिळल्याने मांसातले पाणी रक्तात मिसळते आणि नमुना पातळ होतो. टीपकागदावर घ्यायचा असेल तर वर्तुळ एका मोठ्या थेंबाने भरू द्यावे, थेंबावर थेंब टाकू नये आणि वर्तुळाला बोट लावू नये. मग कागद सपाट ठेवून उन्हाबाहेर काही तास पूर्ण वाळू द्यावा. आपल्या कोकणच्या पावसाळी हवेत हे विशेष सांभाळावे लागते. ओला कागद पाकिटात गेला की बुरशी आली आणि नमुना वाया गेला. म्हणूनच पाकिटात ओल शोषणारी पुडी देतात, ती फेकू नये. आणि एक सुई एकाच माणसाला, एकदाच. नवऱ्याने वापरलेली सुई बायकोला, भावाची बहिणीला, असे कदापि करू नये. कावीळ बी, कावीळ सी आणि एच.आय.व्ही. हे रोग याच वाटेने जातात.

लाळ द्यायची असेल तर त्याआधी निदान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, दात घासू नयेत. पान, तंबाखू आणि ज्या भगिनींना मशेरीची सवय आहे त्यांनी मशेरी, यांपासून त्या वेळी तरी तोंड स्वच्छ असावे. खरे तर नेहमीच असावे, पण तो आजचा विषय नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तसे कळवावे. रोज्यात असा नमुना द्यावा की नाही, असे मला एका पालकाने विचारले. धार्मिक निर्णय मौलवीसाहेबांना विचारावा. तो माझा अधिकार नाही. शिक्षक म्हणून मी एवढेच सांगेन की घाई नसेल तर इफ्तारनंतर तासाभराने द्यावा. दिवसभराच्या उपासाने तोंड कोरडे पडलेले असते आणि लाळ पुरेशी मिळत नाही.

आमच्या भगिनींना माझे विशेष सांगणे आहे. आपल्याकडे अनेक घरांत बाई दवाखान्यात जाते ती दुखणे अगदी असह्य झाल्यावर. सोबत कोण येणार, तपासणार कोण, मुलांना कोण पाहणार, असे शंभर प्रश्न. घरच्या घरी स्वतःच्या हाताने नमुना देण्याची ही रीत म्हणजे अशा बाईसाठी उघडलेले एक दार आहे. परंतु त्या दारातून आत जायला सूचना वाचता आल्या पाहिजेत, आणि निकालही वाचता आला पाहिजे. आपल्या संस्थेने मुलींच्या शिक्षणासाठी जे कष्ट घेतले त्यांचे एक फळ मला यात दिसते. ज्या घरात शिकलेली मुलगी आहे, त्या घरातल्या अम्मीला कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही. आणि ती मुलगी, माझ्यासारखी, तळाची ओळ गाळणार नाही अशी मी आशा करतो.

नमुना मागितला की आपल्याकडे शंकाही फार निघतात. "रक्त घेऊन काय करणार?" हा प्रश्न विचारणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. तो विचारलाच पाहिजे. नमुना कुठे जाणार, त्यावर कोणती तपासणी होणार, नावाऐवजी क्रमांक लावणार का, उरलेल्या रक्ताचे काय होणार, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि उत्तर मिळाल्याशिवाय होकार देऊ नये. परंतु प्रश्न विचारणे वेगळे आणि अफवेवर विश्वास ठेवणे वेगळे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लशीची मोहीम झाली. त्या वेळी या लशीविषयी काय काय अफवा फिरल्या ते आपण विसरला नसाल. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवराची साथ आली आणि लहान लेकरे दगावली. लस न मिळालेली मुले त्यांत होती. गोवर अफवा वाचत नाही. प्रश्न विचारा, उत्तर घ्या आणि मग शहाण्यासारखा निर्णय करा.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी एक गोष्ट तुमच्यासाठी. दवाखान्यात नर्स रक्त काढते तेव्हा ते तुमचेच आहे याला ती साक्षीदार असते. घरी नमुना घेताना साक्षीदार कोणी नसतो. दुसऱ्याचा थेंब आपल्या नावावर पाठवला, वाळण्याआधीच कागद घातला, रेघ पुसट दिसली म्हणून नाही दिसली असे कळवले, तर तिथे पकडणारा कोणी नाही. परंतु तुमच्या त्या एका खोट्या थेंबाने सबंध मोहल्ल्याचा हिशेब बिघडतो. असा नमुना ही एक अमानत आहे. ती जशी आहे तशी पोचवणे हे परीक्षेत कॉपी न करण्याइतकेच सरळ काम आहे, आणि तितकेच अवघडही.

तात्पर्य एवढेच. थेंब द्यायला घाबरू नका. आपण मोजले जाण्यात आपलेच हित आहे. आणि मिळालेला कागद खिशात ठेवून निश्चिंत होऊ नका. तो हजेरीपत्रकावरचा शेरा आहे, पास झाल्याचा दाखला नव्हे. पुढे काय करायचे ते डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने असा कागद वाचायला तुम्हाला बोलावले, तर मुबारकबाद देण्यापूर्वी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मोठ्याने वाचून दाखवा.